बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाली तरी पंडिता रमाबाईंना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं..

पंडिता रमाबाई म्हटलं की शाळेच्या पुस्तकातला धडा आठवतो. संस्कृतच्या मोठ्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभारलं. आणि मधेच कुठेतरी एका ओळीत उल्लेख येतो, की त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विषय तिथंच संपतो.

त्या एका ओळीवरून मात्र त्यांच्या हयातीत आणि नंतरही चिक्कार भांडणं झाली. कोणाला वाटलं त्यांना इंग्लंडला नेऊन बाटवलं, कोणाला वाटलं संस्थेसाठी पैसा मिळावा म्हणून हे केलं. स्वतः रमाबाईंनी १९०७ साली आपल्या धर्मप्रवासावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी जे सांगितलंय ते टीकाकारांच्या आणि कौतुक करणाऱ्यांच्याही डोक्यात न आलेलं आहे.

१८८३ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांचा हिशोब होता. तो मिळायला आणखी आठ वर्षं जावी लागली.

आता हे नेमकं काय प्रकरण आहे, ते समजून घ्यायचं तर सुरुवात त्यांच्या वडिलांपासून करावी लागते.

अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकायला होते. हे साठे दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवायचे. बाई संस्कृत श्लोक म्हणते हे बघून अनंतशास्त्री चकित झाले, आणि आपणही बायकोला शिकवायचं असं त्यांनी तिथंच ठरवलं. घरच्यांनी, गावच्यांनी विरोध केला. शेवटी ते पत्नी लक्ष्मीबाईंना घेऊन सह्याद्रीच्या जंगलात, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळला जाऊन राहिले. तिथंच २३ एप्रिल १८५८ ला रमाबाईंचा जन्म झाला.

शास्त्रीबुवा बाईच्या शिक्षणाबाबत काळाच्या पुढं होते, पण धर्माबाबत अगदी जुन्या वळणाचे होते. येईल त्याला जेवू घालायचं, दानधर्म करायचा, तीर्थयात्रा करायच्या. त्यात जमीनजुमला गेला. रमाबाई अजून तान्ह्या होत्या तेव्हाच हे कुटुंब घर सोडून निघालं ते कायमचं. देवळात बसायचं, पुराण सांगायचं, लोक जे देतील त्यावर गुजराण करायची आणि त्यातूनही दान करायचं. आईनं रमाबाईंना चालता चालता संस्कृत शिकवलं. अख्खं भागवत त्यांना तोंडपाठ होतं.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला.

होतं नव्हतं ते सगळं विकून झालं. भीक मागायची लाज वाटायची, काम करायची सवय नव्हती. शास्त्रात सांगितलेली व्रतं, उपास, जप सगळं चालू होतं. यातून देव प्रसन्न होईल आणि संकट टळेल अशी त्यांची पक्की श्रद्धा होती. एक वेळ अशी आली की जंगलात अकरा दिवस त्यांनी पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजूर यावर काढले. १८७४ मध्ये वडील गेले. जाण्याआधी त्यांनी रमाबाईंना जवळ घेतलं आणि आयुष्यभर देवाची सेवा कर, तुला मी त्याच्याच हातात दिलंय, अशा अर्थाचं काहीतरी सांगितलं. त्यानंतर काही महिन्यांतच आई गेली. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या सोळा वर्षांच्या रमाबाई. त्या उंचीनं लहान, म्हणून तिरडीची आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली आणि सुमारे तीन मैल चालल्या. पुढं मोठी बहीणही गेली.

उरले दोघं भाऊबहीण. ते चालत राहिले. दक्षिणेतून थेट काश्मीरपर्यंत, मग पूर्वेला. झेलमच्या काठी थंडी असह्य झाली की वाळूत खड्डे करायचे, त्यात झोपायचं आणि अंगावर वाळू ओढून घ्यायची. सगळं यथासांग करूनही देवानं काही दिलं नाही, मग चूक आपली की शास्त्राची, हा प्रश्न या वाटेवर कुठेतरी पडला. श्रद्धा एका दिवसात तुटली नाही, पण झिजत गेली.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. वीस वर्षांची मुलगी संस्कृतमध्ये व्याख्यान देते हे बघायला गर्दी लोटायची. याच कलकत्त्यात ख्रिस्ती लोकांच्या एका मेळाव्याला त्या पहिल्यांदा गेल्या. प्रार्थनेच्या वेळी सगळे गुडघे टेकून खुर्च्यांपुढं वाकले, तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात असं त्यांना वाटलं.

स्त्रियांना धर्माविषयी काय सांगायचं, म्हणून धर्मशास्त्रं वाचायला घेतली आणि तिथं त्या अडकल्या. ग्रंथांची आपसात मतं जुळत नव्हती, पण बाईच्या जातीवर विश्वास ठेवू नये आणि तिला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे असं त्यांच्या वाचनात आलं. आयुष्यभर पुण्य जमवून ज्यांचं घर उपाशी मेलं, त्या मुलीला आता कळत होतं की ती खातेवही तिच्यासाठी मुळात उघडलेलीच नव्हती.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. वेगळी जात, वेगळा प्रांत, नोंदणी पद्धतीचं लग्न, सगळंच त्या काळाला न झेपणारं. आसामातल्या सिल्चरला संसार मांडला, मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्यानं गेले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

सिल्चरच्या घरात त्यांच्या हाती बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान लागलं होतं. ते आवडलं. एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन बायबल समजावून सांगू लागले. पण नवऱ्याला ते पसंत नव्हतं, विषय तिथंच राहिला.

पुण्यात आल्यावर रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढं स्त्रियांना डॉक्टर आणि शिक्षिका होऊ द्या अशी साक्ष दिली. १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायची म्हणून इंग्लंडला गेल्या, पण कानानं कमी ऐकू येत असल्यानं तो बेत बारगळला. वॉन्टेज गावात सेंट मेरीच्या जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. या जोगिणींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. तिथं शरीरविक्रय करणाऱ्या किंवा समाजानं वाईट चालीची ठरवलेल्या बायकांसाठी एक घर होतं, आणि त्या बायकांची सेवा चांगल्या घरातल्या जोगिणी करत होत्या.

रमाबाईंना हे नवीन होतं. पतित ठरलेल्या बाईला दंड करा, हाकलून द्या, हे त्यांनी वाचलं होतं, पाहिलं होतं. तिला घरात घ्या, प्रेमानं वागवा, हे कुठून आलं, असं त्यांनी एका जोगिणीला विचारलं. तिनं योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, परक्या जातीची, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडं पाणी मागणारा, तिच्याशी देवाविषयी बोलणारा येशू. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंनी लहानग्या मनोरमासह बाप्तिस्मा घेतला.

इथंच गोष्ट संपायला हवी होती ना? पण खरी गडबड इथून सुरू झाली.

रमाबाईंनी धर्म स्वीकारला तो पंडितासारखा. पटेल तेवढा घेतला. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे, जे आधीच ख्रिस्ती झाले होते, त्यांच्या लिखाणानं बरेच मुद्दे बुद्धीला पटले होते. पण त्रैक्य म्हणजे काय, ख्रिस्त देव कसा, चमत्कार मानायचे का, चर्चची प्रत्येक आज्ञा डोळे झाकून पाळायची का, यावर वॉन्टेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांच्यात पत्रांमागून पत्रं गेली. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, इथपासून वाद. मांसाहार त्यांनी केला नाही. एका धर्माच्या शास्त्र्यांच्या हाताखालून सुटून दुसऱ्या धर्माच्या शास्त्र्यांच्या हाताखाली जायचं त्यांच्या मनात नव्हतं. सिस्टर जेराल्डिनला हा गर्व वाटायचा. ती पत्रं आज वाचली तर बाजू रमाबाईंचीच घ्यावीशी वाटते.

१८८६ मध्ये त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला अमेरिकेत गेल्या. व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. त्या पैशातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार. संस्थेत कुठल्याच धर्माची शिकवण दिली जाणार नाही हे वचन होतं. बालविधवा शिकू लागल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की बाई जिंकली.

आतून मात्र त्या रिकाम्या होत्या. चर्चला जाणं, प्रार्थना, नियम, दुसऱ्यांसाठी रात्रंदिवस राबणं सगळं चालू होतं. पण मनाला स्वस्थता नव्हती. आपण ख्रिस्ती आहोत हे माहीत होतं, आपल्या पापांचं काय झालं हे माहीत नव्हतं.

अशात १८९१ च्या आसपास त्यांच्या हातात विल्यम हॅस्लम यांचं आत्मचरित्र पडलं. हे हॅस्लम इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातले अँग्लिकन पाळक. अनेक वर्षं पाळकाचं काम केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण धर्म शिकवतोय, पण स्वतः त्याच्या बाहेरच उभे आहोत. १८५१ मधल्या एका रविवारी, उपदेश करता करताच, आपण जे बोलतोय ते त्यांना पहिल्यांदा आतून कळलं. समोर बसलेल्यांपैकी एकानं उठून पाळकबुवांचंच परिवर्तन झालं असं ओरडून जाहीर केलं, आणि चर्चमध्ये एकच कल्ला झाला.

रमाबाईंनी हे वाचलं आणि चमकल्या. त्यांची अवस्था नेमकी हीच होती.

यात ख्रिस्ती धर्मातली कृपा ही कल्पना कळीची आहे. कृपा हा शब्द मराठीला नवा नाही, संतांच्या अभंगांपासून आजीच्या बोलण्यापर्यंत तो सगळीकडं आहे. ख्रिस्ती धर्मात, त्यातही प्रोटेस्टंट परंपरेत, त्याचा अर्थ फार टोकाचा आहे. देव माणसाला स्वीकारतो ते माणसानं काही केलं म्हणून नाही. पुण्य, दान, विधी, चांगली वागणूक यातलं काहीही त्याची किंमत होऊ शकत नाही. ती किंमत ख्रिस्तानं क्रूसावर चुकवली, माणसानं फक्त हात पुढं करून घ्यायचं. चांगली कामं नंतर येतात, झाडाला फळ येतं तशी.

ऐकायला सोपं वाटतं. पण ज्या घरानं पुण्याच्या हिशोबात सगळं घालवलं, त्या घरातल्या मुलीला हे पचायला किती जड गेलं असेल याचा विचार करा. हिशोबाची सवय सुटली नव्हती. आधी व्रतं आणि तीर्थं होती, आता चर्चचे नियम आणि समाजसेवा होती. देव बदलला होता, पण कमवून घ्यायची धडपड तीच होती.

रमाबाईंनी पुन्हा बायबल उघडलं, या वेळी पटतंय का हे तपासायला नाही. आपण अपात्र आहोत हे मान्य करायचं आणि तरीही मिळतंय ते घ्यायचं, एवढंच उरलं होतं. बुद्धीच्या जोरावर इतकं मिळवलेल्या बाईला हे सोपं नव्हतं. पण ते झालं. पुढच्या आयुष्यात त्यांनी याचं वर्णन अंधाऱ्या खोलीतून उजेडात आल्यासारखं केलं आहे. बाई असणं, विधवा असणं, जात, विद्वत्ता, या दारात कशाचीच चौकशी नव्हती. धर्मशास्त्रं वाचून पडलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना इथं मिळालं.

आता याचे परिणाम बघू, कारण ते सगळेच गोड नव्हते.

सदनात धर्म शिकवायचा नाही हे वचन त्यांनी पाळलं, पण स्वतःची प्रार्थना लपवणं त्यांना जमेना. त्या मनोरमाला घेऊन खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात बोभाटा झाला. केसरीतून टिळकांनी झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागारपद सोडलं, पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. अमेरिकेतली असोसिएशन रमाबाईंच्या पाठीशी राहिली म्हणून सदन टिकलं.

यात रमाबाईंवर अन्याय झाला असं एका वाक्यात सांगून मोकळं होता येत नाही. सदनातल्या मुली लहान होत्या, घरच्यांनी टाकलेल्या होत्या. ज्या बाईनं जेवू घातलं, शिकवलं, डोक्यावरून हात फिरवला, तिच्या खोलीत तिचा देव बघायला मुलगी गेली तर ती किती मोकळ्या मनानं गेली, हा प्रश्न रानड्यांसारख्या सज्जन माणसालाही पडला, आणि तो खोटा नव्हता. दुसऱ्या बाजूनं, याच सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाली. म्हणजे दार दोन्हीकडून उघडं होतं. पण पुणे आणि रमाबाई यांच्यातला धागा तुटला तो तुटलाच.

एक गोष्ट मात्र बदलली होती. लोकांच्या मान्यतेवाचून राहायला त्या शिकल्या. ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर अशा लोकांची चरित्रं त्यांनी वाचली होती. ही मंडळी ठरलेलं उत्पन्न नसताना, फक्त प्रार्थनेच्या भरवशावर, शेकडो माणसांचं काम चालवायची. हे भारतात का होऊ नये, असा त्यांनी विचार केला. १८९५ च्या एप्रिलमध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचं शिबिर होतं. एका पहाटे रमाबाई एकट्याच रानात गेल्या. सदनातल्या १५ मुली तोवर ख्रिस्ताकडं वळल्या होत्या. या १५ चा वर्ग होऊ दे, अशी त्यांनी प्रार्थना केली. गणित करा, २२५ होतात. तेव्हा सदनात सगळ्या मिळूनही इतक्या मुली नव्हत्या.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना जंगलातले ते अकरा दिवस आठवले असणार. त्या स्वतः उठून गेल्या आणि सुमारे ३०० बायका-मुली घेऊन आल्या. हाडांचे सापळे, आजारी, काहींना दलालांच्या हातून सोडवलेलं. त्यातच पुण्यात प्लेग आला, शहरात इतक्या जणींना ठेवायला मनाई झाली. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला रमाबाईंनी आधीच शंभर एकर माळरान घेऊन ठेवलं होतं, फळबाग करून संस्थेला उत्पन्न मिळावं म्हणून. तिथं छपरं उभी राहिली आणि त्या जागेला नाव मिळालं मुक्ती.

असोसिएशननं दहा वर्षांची हमी दिली होती, ती १८९८ मध्ये संपली. तेव्हापासून मुक्तीचं काम ठरलेल्या निधीशिवाय चाललं. १९०० च्या गुजरात दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या २००० च्या जवळ गेली. विणकाम, तेलाचा घाणा, गोठा, शेती, छापखाना, सगळं बायकाच चालवायच्या. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या. आणि आवारातच एक वेगळं घर होतं, समाजानं पतित ठरवलेल्या बायकांसाठी. फुलहॅममध्ये पाहिलेलं, तेच. रमाबाईंनी त्याला नाव दिलं कृपा सदन.

पण इतकं होऊनही त्यांना वाटायचं की हे पुरेसं नाही. मुक्तीतल्या शेकडो मुलींनी बाप्तिस्मा घेतला होता, पण अन्न आणि आसऱ्यासोबत धर्म आला म्हणून घेतलेला बाप्तिस्मा म्हणजे काय, हे रमाबाईंइतकं कोणाला ठाऊक असणार? त्या स्वतः आठ वर्षं तशाच राहिल्या होत्या.

१९०५ च्या जानेवारीत त्यांनी हे मुलींपुढं बोलून दाखवलं आणि रोज प्रार्थनेला जमायला सांगितलं. सुरुवातीला ७० जणी आल्या, जूनपर्यंत ५५० झाल्या. २९ जूनच्या पहाटे तीनच्या सुमारास वसतिगृहातली एक मुलगी जागी होऊन प्रार्थना करू लागली. अंगात आग उतरल्यासारखं तिला वाटलं. शेजारच्या मुलीला तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या आणि ती बादली भरून पाणी ओतायला धावली, जवळ जाऊन बघते तर आग नाही. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीच्या शांत आवाजात योहानाचा आठवा अध्याय समजावत होत्या, तर सगळ्या मुली एकदम मोठ्यानं रडू लागल्या, आपली पापं बोलून दाखवू लागल्या, शेकडो जणी एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं.

हे कित्येक दिवस चाललं. रडण्यानंतर हसणं, गाणी, टाळ्या. ज्यांना आपण नकोशा आहोत हे जन्मापासून ऐकवलं गेलं, त्या मुली देवानं आपल्याला घेतलं म्हणून नाचत होत्या. पुढं मुलींच्या टोळ्या आळीपाळीनं आसपासच्या गावांत जाऊन सांगू लागल्या.

युरोपियन मिशनऱ्यांपैकी अनेकांनी नाकं मुरडली. हा गोंगाट आहे, अंगात येण्याचा प्रकार आहे, अशी टीका झाली. स्वतः रमाबाई शांत स्वभावाच्या, त्यांना असला कोणताच अनुभव आल्याची नोंद नाही. पण मुलींना त्यांनी गप्प बसवलं नाही. भारतीय माणसाला देव भेटला तर तो भारतीय रीतीनं रडेल आणि गाईल, त्याला इंग्रजी चर्चची शिस्त कशाला, अशी त्यांची भूमिका होती. क्रूसावरच्या लॅटिनवरून भांडणारी बाई बावीस वर्षांनंतरही तीच होती. मात्र आरडाओरडा म्हणजेच अनुभव असंही त्यांनी कधी मानलं नाही. मुलगी नंतर वागते कशी, याकडं त्यांचं लक्ष असायचं.

यातलं कमी माहीत असलेलं म्हणजे, पेंटेकॉस्टल चळवळ जिथून सुरू झाली असं मानतात ती लॉस एंजेलिसमधली अझुसा स्ट्रीटची घटना १९०६ ची आहे. केडगाव त्याच्या आधीचं. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स यांनी यावर एक पुस्तिका लिहून चिलीमधल्या आपल्या मैत्रिणीला पाठवली, आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चर्चच्या उगमात त्या पुस्तिकेचा हात होता. दौंड तालुक्यातल्या माळावरची गोष्ट दक्षिण अमेरिकेत पोचली ती अशी.

पुढची वर्षं रमाबाईंनी एका खोलीत काढली. तेव्हाचं मराठी बायबल त्यांना शास्त्र्यांच्या भाषेतलं वाटायचं, खेड्यातल्या बाईला न कळणारं. म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून स्वतः भाषांतर करायला घेतलं. संस्कृतवर हुकूमत असलेली ही पंडिता मुद्दाम सोपे शब्द शोधत बसली. काही ठिकाणी ते भाषांतर इतकं शब्दशः झालंय की वाचताना अडखळायला होतं, हेही खरं. खिळे जुळवणं, छपाई, सगळं मुक्तीतल्या बायकांनीच केलं.

काम संपत आलं असताना २४ जुलै १९२१ ला मनोरमाबाई मिरजेला वारल्या. वय चाळीस. आपल्यानंतर मुक्ती तीच सांभाळणार असं रमाबाईंनी धरलं होतं. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता एकुलती एक मुलगी. त्या काळात त्यांच्यासोबत असलेल्यांनी नोंदवून ठेवलंय की त्या कोलमडल्या नाहीत, पुन्हा कामाला बसल्या. पण तब्येत ढासळत गेली. शेवटची प्रुफं तपासायला थोडे दिवस मिळावेत एवढं त्या मागत होत्या असं सांगतात. प्रुफं झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

छापील बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर आलं.